कावळ्याचा परवाना

बारामती,
डिसेंबर १९९७

मित्रवर्य मानसिंगराव यांस,

गंगारामचा सप्रेम जय भीम. तुमचा राम राम पोचला असे समजून पुढे लिहितो. 'इकडील सर्व क्षेम' असे लिहायची रीत आहे, पण ग्रामसेवकीत जन्मभर कुणाला खोटा दाखला दिला नाही, तो आता निवृत्तीनंतर तुम्हाला कशाला देऊ? इकडील क्षेम नाही. आमच्या रंगूबाईचा दमा थंडीबरोबर परत आला आहे, माझे दात गेले आहेत आणि कुंडलिक गेला आहे. तुमच्या गुडघ्याचे ऑपरेशन कसे झाले ते कळवावे. ताज्या गुडघ्याने जळगावहून बारामतीपर्यंत एसटीने आला असता तर दुसराही डॉक्टरच्या हवाली करावा लागला असता, तेव्हा तुम्ही दहाव्याला आला नाहीत म्हणून इथे कुणी नाव ठेवलेले नाही. (कुंडलिकच्या चुलतभावाने, म्हणजे आप्पांनी ठेवले. पण ते सगळ्यांनाच ठेवतात.) तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार.

तार मिळालीच असेल. तारेत माणूस गेला एवढेच कळवता येते, कसा गेला ते लिहायला पत्र लागते. सकाळी ढोबळी मिरचीला दारे धरायला गेला आणि बांधावर जरा टेकला, तो उठलाच नाही. त्याचा मुलगा सुयोग बघायला गेला तोवर पाणी मिरचीतून वाहून शेजारच्या पडीक रानात शिरले होते. मला राहून राहून वाटते की, आपले पाणी दुसऱ्याच्या रानात चाललेले त्याला दिसले असते तर तो उठून बसला असता. एवढेही त्याला दिसले नाही म्हणजे तो खरोखरच गेला होता.

आता जे लिहितो ते तुमच्यापाशीच ठेवा. आदल्या दिवशी सारजावहिनींनी नवऱ्याची बाटली न्हाणीच्या दगडावर फोडली होती. भांडण असे नव्हते. सुनेचे, म्हणजे वृषालीचे आईवडील आले होते, आणि देवळीत समईच्या शेजारी रमची बाटली उभी होती. व्याह्यांनी बघून न बघितल्यासारखे केले, तेच वहिनींना जास्त लागले. पाहुणे फाट्यापर्यंत गेले नसतील तोच त्यांनी बाटली फोडली. कुंडलिक काही बोलला नाही. (तो कधी काय बोलला होता?) काचा गोळा करून बांधावर पुरून आला, जेवला, झोपला, आणि सकाळी चहा न घेता मिरचीत गेला. तो चहा आता वहिनींच्या छातीवर बसला आहे.

दहाव्याला कऱ्हा नदीच्या काठी पान वाढतात आणि कावळा शिवायची वाट बघतात हे तुम्हाला मी काय सांगावे, तुमच्याच घरची रीत. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग ती वस्तू आणून ठेवायची किंवा तसा शब्द द्यायचा. कुंडलिकची इच्छा कोणती राहिली असेल यावर भावकीत मतभेदच झाला नाही. (त्या भावकीत असे मी प्रथमच पाहिले.) आप्पा म्हणाले, रमची क्वार्टर ठेवल्याशिवाय कावळा फिरकायचाही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, माझ्या हातनं फुटली. तुमच्या हातनं येऊ द्या. कावळा अडला तर मी कुणाला तोंड दावू?"

आता माझी अडचण बघा. मी पंचशील घेतलेला माणूस. दारूला शिवायचे नाही हे एक, आणि पिंडदान, कावळा, श्राद्ध यांच्या वाटेला जायचे नाही हे दुसरे. वडिलांनी छप्पन साली नागपूरहून आणलेल्या प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर टांगलेल्या आहेत, खाली रंगूबाई बसलेली असते. ना माझा कावळ्यावर विश्वास, ना दारूवर, आणि मला कामगिरी मिळाली ती कावळ्यासाठी दारू आणण्याची. नाही म्हणायची सोय नव्हती. घरचे सगळे सुतकात, आणि कुंडलिकची नेमकी कोणती रम हे ठामपणे सांगणारा मी एकटाच, कारण त्या टेबलावर शुद्धीत मी एकटाच असायचो.

ते टेबल तुम्ही विसरला नसाल. स्टँडमागची परमिट रूम, बाजारचा दिवस, तुम्ही दोघे पिणार आणि मी समोर शेंगदाणे खाणार. तुम्ही जळगावला बदलून गेलात तरी आम्ही दोघांनी ते मोडले नाही. तो प्यायचा आणि मिरचीचा भाव, वांग्यावरची अळी, रात्रीची वीज यांवर दोनचार वाक्ये टाकायचा, मी मान हलवायचो. मैत्रीत माझी एकच तक्रार होती. बसल्या बसल्या तो वेटरला सांगायचा, शेंगदाणे बिनमिठाचे. मी खाणारा, मला विचारायचे नाही. एवढी वर्षे मी अळणी शेंगदाणे चघळले ते मैत्रीखातर. आणि दातांमुळे मला संपत नसत तेवढे तो निघताना कागदात बांधून खिशात टाकायचा, जसा काही मी पुन्हा ते मागणार होतो. पिणाऱ्याची जीभ मेलेली असते, अशी मी समजूत करून घेतली.

तर मी गावात गेलो, आणि सगळ्या दारूच्या दुकानांची शटर खाली. नगरपालिकेच्या एका वॉर्डातला मेंबर वारला होता, त्या जागेची पोटनिवडणूक. मतदान एका वॉर्डात, पण कोरडे सगळे गाव. मरणारा मेंबर, मतदान करणार एक गल्ली, आणि अडला कोण तर कुंडलिक, ज्याचे नाव त्या यादीत कधी नव्हते. परमिट रूमचा मालक बाहेर खुर्ची टाकून ऊन खात होता. कुंडलिक गेल्याचे ऐकून त्याचे डोळे भरले, पण शटर काही वर गेले नाही. माझा बाप मेला तरी आज उघडायचे नाही, म्हणाला, लायसन जाईल. एवढ्यात समोरून प्रचाराची जीप गेली. तीत बसलेल्यांपैकी सरळ बसता येत होते फक्त ड्रायव्हरला. मी मालकाकडे पाहिले. तो म्हणाला, "ती वाटायची असती तात्या, इकायची न्हाय. बंदी इकायला हाय." मी ग्रामसेवक असताना असली परिपत्रके स्वतः चावडीवर चिकटवली आहेत, पण त्यांचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम कळला.

त्यानेच सल्ला दिला की हद्द ओलांडून इंदापूरच्या बाजूला जा. दुपारची एसटी धरून भवानीनगरला उतरलो. कारखान्याचा हंगाम जोरात, मळीच्या वासाने डोके भणभणत होते. नुसत्या वासावर कुंडलिक खूष झाला असता. सगळ्या मुलखात ऊस, उसाची मळी, मळीतून पुढे काय होते ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक, आणि दुकानाला भलेमोठे कुलूप. का, तर कारखान्याचा पगार. पगाराच्या दिवशी दुकान उघडायचे नाही असा नियम आहे म्हणे, कामगाराचा पैसा घरी जावा म्हणून. कुलपाशेजारी एक म्हातारा बसला होता, त्याने सविस्तर सांगितले की कामगार घरी गेलेले नसून सायकलींवरून पलीकडच्या गावाला गेलेत, आणि मी चालत गेलो तर मला काही उरायचे नाही. नियम चांगला होता. असल्या चांगल्या नियमांनी मी दिवसभर पोळत होतो.

पुढच्या गाडीत कंडक्टरला विचारले, निमगाव केतकीला उतरू का? तो म्हणाला उतरू नका, आज तिथला बाजार, बाजारच्या दिवशी दुकान बंद ठेवायचा ग्रामपंचायतीचा ठराव झालाय. मी इंदापूरचे तिकीट काढले. माझ्या नोकरीत असाच एक ठराव मी लिहिला होता. 'ग्रामस्थांच्या, विशेषतः माताभगिनींच्या शांततेस बाधा येऊ नये म्हणून' अशी त्याची सुरुवात होती आणि ती भाषा मला फार आवडली होती. त्या ठरावाने कोण कुठल्या गाडीत बसून कुठे भटकले असेल याचा विचार तेव्हा आला नव्हता. खिडकीतून बाजार दिसत होता. माताभगिनी वांगी निवडत होत्या आणि शांततेस बाधा नव्हती.

इंदापूरला दुकान उघडे होते. इतके उघडे की मला लाज वाटली. काउंटरला जाळी, जाळीमागे कपाळाला टिळा लावलेला दुकानदार. मी खालच्या आवाजात रमची क्वार्टर मागितली तर तो मोठ्या आवाजात म्हणाला, परवाना? मी सांगितले की मी पीत नाही. मग कशाला पाहिजे? मयतासाठी. तो म्हणाला, मयताच्या नावाने परवाना निघत नाही, जिवंत माणूस लागतो. (हे म्हणताना त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले, खात्री करून घ्यावी तसे.) एका दिवसाचा परवाना जागेवर मिळेल, पण घेणाऱ्याने तो स्वतःच्या पिण्यासाठी घेतो असे सही करून सांगायचे. मी त्याला कावळ्याची सगळी हकीकत ऐकवली. मला वाटले तो हसेल. तो माझ्यासारखाच निघाला, नियमाचा पक्का. म्हणाला, "तुमच्या परवान्यावरची कावळ्याला पाजली तर ती बेकायदा. आन रमला पंचवीस वर्सं पुरी लागत्यात. कावळ्याचं वय काय?"

मागे रांग लागली होती. त्यातल्या कुणीतरी कावळा किती जगतो यावर मत दिले, दुसऱ्याने ते खोडले. मी शेवटी सही केली. गंगाराम, वय अठ्ठावन्न, राहणार बारामती तालुका, यांस स्वतःच्या पिण्यासाठी मद्य हवे. त्याच हाताने मी पौर्णिमेला मेणबत्ती लावतो. बाटली पिशवीत ठेवली आणि वर झेंडूची फुले घेऊन पसरली, म्हणजे कुणी पाहिले तर देवाचे वाटेल. दारू लपवायला देव, अशी माझी त्या दिवशी गत झाली.

परतीची गाडी चुकली, स्टँडवर बाकावर पडून राहिलो आणि सकाळच्या पहिल्या गाडीत बसलो. खड्ड्यात पिशवी वाजली. कंडक्टरने फुले बाजूला केली, बाटली पाहिली आणि अतिशय अदबीने घंटी ओढली. एसटीत दारू चालत नाही, आणि पुढे नाक्यावर निवडणुकीची तपासणी आहे, तुमच्यापायी गाडी अडकेल, म्हणाला. तुमच्यासारख्यांनी तरी, असेही म्हणाला. ते 'तुमच्यासारख्यांनी' मला अजून टोचते आहे. पुढे ऊस उतरवून परत चाललेल्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून, नाका चुकवणाऱ्या कच्च्या रस्त्याने आलो. ड्रायव्हरने वाटेत ट्रॅक्टर थांबवून एक घोट मागितला. मी त्याला परवाना दाखवला आणि सांगितले की तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे. त्याने उरलेला सगळा रस्ता खड्ड्यांतूनच काढला.

घाटावर पोचलो तेव्हा माणसे उठू लागली होती. सुयोग गोटा केलेल्या डोक्यावर टोपी सारखी करत होता. मला वाटले कावळ्याची वाट बघून थकले, दर्भाचा कावळा करून उरकले. मी पिशवी उंच धरून धावलो. आप्पा माझ्या नजरेला नजर देईनात. मग कळले. पान खाली ठेवले आणि आप्पांचा हात मागे यायच्या आत कावळा येऊन बसला होता. ना दारू, ना शब्द, ना विनवणी. पहिल्या घासाला शिवला, आणि एक नव्हे, पाठोपाठ आणखी आले. पान चाटूनपुसून साफ. लोक म्हणत होते, काय पुण्यवान माणूस, कसा मोकळा गेला, काही म्हणून इच्छा ठेवली नाही. माझा हात पिशवीसकट तसाच वर राहिला होता, तो कुणीतरी खाली घेतला.

मी कावळा मानत नाही हे वर लिहिले आहेच. तरी खरे सांगतो, मला त्या पक्ष्याचा राग आला. मी ज्यासाठी दोन तालुके पालथे घातले ते त्याला नकोच होते. जरा थांबला असता तर काय बिघडले असते? मित्रासाठी कुणी एवढी वाट बघतेच की. कऱ्हेला पाणी नव्हते, काठावर ऊन आले होते, आणि पिशवीतली फुले कोमेजली होती. मी ती फुलेच पानावर ठेवून आलो.

असो. लिहिण्यासारखे आणखी काही नाही. गुडघ्याला जपा, पायऱ्या चढू नका. घरातल्या लहानांना आशीर्वाद. तुमच्याआधी किंवा तुमच्यानंतर, पण आता आपलाच नंबर, तेव्हा पत्राला उत्तर लवकर पाठवावे.

तुमचा,
गंगाराम

ता. क. बाटली अजून माझ्याकडेच आहे. परवाना एका दिवसाचा होता, तो संपला, म्हणजे आता ती बाळगणे गुन्हा. ओतून द्यावी तर ती कुंडलिकची आहे. वहिनींना द्यावी तर कशी? सध्या माझ्या जुन्या दप्तराच्या पेटीत आहे आणि रंगूबाईने कालपासून त्या पेटीवर बसून कांदे चिरायला सुरुवात केली आहे. तुमच्याकडे डॉक्टरच्या शिफारशीचा कायमचा परवाना आहे. चालता येऊ लागले की या आणि घेऊन जा.

आणखी एक ता. क. खरे काम बाटलीचे नाही. घाटावरून सगळे पुढे गेले तरी सारजावहिनी मागे राहिल्या होत्या. मला वाटले कावळा शिवला म्हणून त्यांच्या जिवावरचे ओझे उतरले असेल. त्या म्हणाल्या, "समदी म्हणत्यात मोकळं गेलं. भावजी, रागावून अडलं असतं तरी चाललं असतं. मी बाटली भरून दिली असती, पाया पडले असते. मनात कायच न्हवतं म्हंजी मी बी न्हवते." आणि मग विचारले, एवढी वर्षे तुम्ही त्यांच्यासमोर बसलात, तुम्ही पीत नव्हता, तुम्हाला आठवत असेल, माझे नाव त्यांनी कधी काढले का? मानसिंगराव, तुम्हाला माहीत आहे त्याने कोणाचे नाव काढले ते. मिरचीचे. मी म्हणालो, काढले होते. कुंडलिक म्हणाला होता की, सारजा नसती तर हा मळा कधीच पडीक पडला असता. कधी म्हणाले, असे त्यांनी विचारले. मी गडबडलो आणि म्हणालो, मानसिंगराव बदलून जायच्या आदल्या दिवशी, तेही होते समोर. त्या म्हणाल्या, त्यांना विचारीन. पाचवे शील सांभाळायला मी एवढी यातायात केली आणि चौथे, खोटे न बोलण्याचे, आधी इंदापूरला सहीने आणि मग घाटावर उभ्या उभ्या तोंडाने मोडले. तेव्हा वहिनींचे पत्र आले तर तुम्ही होय म्हणून लिहायचे, एवढी विनंती. वाक्य वर दिले आहे तसेच लिहा, शब्द बदलू नका.

शेवटचा ता. क. काल टपाल निघून गेले होते म्हणून पाकीट पुन्हा फोडले. आज वहिनींकडे जरा बसायला गेलो. वृषालीने चहा आणला. वहिनींनी फळीवरचा डबा काढला आणि माझ्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवले. मी तोंडात टाकले आणि थांबलो. वहिनी म्हणाल्या, "मीठ नसतंय भावजी त्यास्नी. डाक्तरनं माझं मीठ बंद केलंय कवाचं. ह्ये बाजारातनं आलं की पुडी टाकायचं फळीवर. बोलायचं काय न्हाय." मी तिथल्या तिथे सांगायला हवे होते. पण माझे तोंड भरलेले होते, आणि दातांशिवाय ते लवकर रिकामे होत नाही. आता मी सांगायला गेलो तर तेही घाटावरच्या खोट्यासारखेच वाटेल. म्हणून वरचा ता. क. रद्द समजा आणि तेवढा कागद फाडून टाका. खोटे काही लिहू नका. वहिनींना फक्त एवढे लिहा की बसल्या बसल्या, पेला यायच्याही आधी, कुंडलिक शेंगदाणे बिनमिठाचे मागायचा. आणि गंगाराम दर वेळी त्यावरून कुरकुर करायचा, हेही लिहा. त्याशिवाय त्यांना खरे वाटायचे नाही.